नोमोडसेट टाकून लिनक्स बसलं, पण स्क्रीन अजून धड नाही

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात चूक झाली असेल तर लगेच टोकता येईल. लॅपटॉप २००९चा, कोअर टू ड्युओ, ग्राफिक्स एनव्हिडियाचं जीफोर्स ९६००एम जीटी, स्क्रीन १२८० × ८००. पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट सुरू केलं की मेनू येतो, एंटर दाबल्यावर लोगो क्षणभर दिसतो आणि मग सगळं काळं. 'कंपॅटिबिलिटी मोड' निवडून इन्स्टॉलेशन पार पडलं. नंतर पुन्हा काळी स्क्रीन आली, तेव्हा कुणाच्या तरी सांगण्यावरून ग्रबच्या (मशीन चालू होताना लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्रॅम) फाइलमध्ये 'नोमोडसेट' हा शब्द कायमचा घातला. आता मशीन चालू होतं, पण रेझोल्यूशन १०२४ × ७६८ वर अडकलंय, अक्षरं आडवी ताणल्यासारखी दिसतात, ब्राइटनेसच्या कळा मेल्यात आणि व्हिडिओ लावला की पंखा घोंगावतो. जुनं मशीन आहे, आता हे असंच चालायचं का, असं विचारलंय.

नाही. चारही तक्रारी एकाच शब्दामुळे आहेत, आणि तो शब्द तुम्ही स्वतःच त्या फाइलमध्ये घातलाय.

एक खुलासा: खाली सगळ्या आज्ञा देवनागरीत लिहितोय. टाइप करताना अर्थातच रोमन अक्षरांत, आणि वेगळं सांगितलं नसेल तर सगळी अक्षरं लहान.

नोमोडसेट नक्की काय करतो ते आधी बघू, कारण तो शब्द सगळेच सुचवतात आणि पुढचं कुणी सांगत नाही. पूर्वी स्क्रीनचं रेझोल्यूशन ठरवायचं काम एक्स सर्व्हर (पडद्यावर खिडक्या दाखवणारा प्रोग्रॅम) करायचा. २००९मध्ये कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.६.२९ आवृत्तीपासून हे काम कर्नलकडे जायला लागलं. सुरुवात इंटेलच्या चिप्सनी झाली, मागोमाग एएमडी आणि एनव्हिडियाचे मुक्त ड्रायव्हरही आले. नोमोडसेट म्हणजे कर्नलला सांगणं, 'तू त्यात पडू नकोस.' कर्नल ऐकतो. मग खरा ग्राफिक्स ड्रायव्हर चालूच होत नाही आणि बायॉस (मशीनमध्येच असलेला, लिनक्सच्या आधी चालणारा प्रोग्रॅम) जे रेझोल्यूशन देईल त्यावर भागवावं लागतं. तुमच्या मशीनच्या काळातल्या बऱ्याच बायॉसच्या यादीत १२८० × ८०० नसतंच. असतं ते ८०० × ६०० आणि १०२४ × ७६८. चार-तीनच्या प्रमाणातलं चित्र रुंद काचेवर पसरलं की अक्षरं ताणलेली दिसणारच. ग्राफिक्सचं सगळं काम प्रोसेसरच्या गळ्यात पडतं, म्हणून पंखा. आणि बॅकलाइटचा, म्हणजे स्क्रीनमागच्या दिव्याचा, ताबा बहुतेक वेळा त्याच ड्रायव्हरकडे असतो, म्हणून ब्राइटनेसच्या कळा गप्प.

खात्री करून घ्यायची तर टर्मिनलमध्ये 'आयएनएक्सआय -जी' चालवा (यातला जी मोठा). उत्तरात रेंडररच्या नावापुढे 'एलएलव्हीएमपाइप' दिसलं तर कार्ड बसून आहे आणि प्रोसेसर राबतोय.

तेव्हा नोमोडसेट ही आत शिरण्यापुरती किल्ली. आत शिरून झालं की काढायची. काढली तर पुन्हा काळी स्क्रीन येईल ही भीती रास्त आहे, म्हणून फाइलला लगेच हात लावू नका. बूट होताना शिफ्ट धरून ठेवा (नव्या यूईएफआय मशीनवर एस्केप), ग्रबचा मेनू येईल. पहिल्या ओळीवर असताना 'ई' दाबा. समोर मजकूर उघडेल. त्यात 'लिनक्स' या शब्दाने सुरू होणारी एक लांबलचक ओळ असते, शेवटाकडे 'क्वायट स्प्लॅश' लिहिलेलं. नोमोडसेट तिथेच आजूबाजूला सापडेल. तो खोडा, 'क्वायट' आणि 'स्प्लॅश'ही खोडा, म्हणजे लोगोच्या मागे काय चाललंय ते अक्षरांत दिसेल. मग एफ१०. हा बदल फक्त या एका बूटपुरता असतो. बिघडलं तर बंद करून पुन्हा चालू करा, सगळं जसंच्या तसं. मी गेली कित्येक वर्षं कुठलाही पॅरामीटर (नोमोडसेटसारखा कर्नलला द्यायचा शब्द) आधी इथेच घालून बघतो, पटला तरच फाइलमध्ये जातो.

आता तुमच्या कार्डाबद्दल. त्याचा मुक्त ड्रायव्हर 'नूव्हो'. फ्रेंच शब्द आहे, अर्थ 'नवा', आणि स्पेलिंग चुकवायला अगदी सोपं: एन, ओ, यू, व्ही, ई, ए, यू. या पिढीच्या कार्डांवर नूव्हो एरवी बऱ्यापैकी चालतो. अडतो तो बहुधा थ्रीडी प्रवेगाच्या (चित्रांचं जड काम कार्डाकडून करून घेण्याच्या) जागी, स्क्रीन उजळवण्याच्या जागी नाही. म्हणून नोमोडसेट खोडून त्याच्या जागी 'नूव्हो.नोअ‍ॅक्सेल=१' लिहा (मध्ये टिंब, कुठेही स्पेस नाही). याने ड्रायव्हर चालू होतो, रेझोल्यूशन बरोबर येतं, ब्राइटनेस बहुतेक वेळा परत येतो. फक्त प्रवेग बंद राहतो. तुमची पहिली पायरी हीच. माझ्या अंदाजाने १२८० × ८०० इथेच मिळेल.

मिळालं की दुसरा प्रयोग कर्नलचा. मिंटच्या अपडेट मॅनेजरमध्ये 'व्ह्यू' मेनूत 'लिनक्स कर्नल्स' आहे. तिथून एखादा वेगळा कर्नल घ्या, नवा किंवा जुना, दोन्ही करून बघण्यासारखे. एका कर्नलवर लटकणारा नूव्हो दुसऱ्यावर सुरळीत चालतो हे इतक्यांदा पाहिलंय की मला आता त्याचं नवल वाटत नाही. जुना कर्नल काढून टाकू नका. ग्रबच्या 'अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स'मध्ये तो हाताशी राहतो. एखाद्या कर्नलवर नोअ‍ॅक्सेलशिवायही स्क्रीन नीट आली तर सोन्याहून पिवळं.

एनव्हिडियाचा स्वतःचा ड्रायव्हर का नको, हे कुणी विचारायच्या आत सांगतो. तुमच्या कार्डाला लागतो तो ३४० मालिकेचा, आणि त्याचा पाठिंबा एनव्हिडियाने २०१९ अखेर थांबवला. नव्या कर्नलवर तो ठिगळं लावल्याशिवाय बांधलाच जात नाही, आणि ती ठिगळं दर कर्नलगणिक नव्याने शोधत बसायची. पुढच्या फर्मी पिढीच्या कार्डांना लागणाऱ्या ३९० मालिकेचंही २०२२ अखेर तेच झालं. ज्याला हौस आहे त्याने जरूर करावं. रोज काम करायचं मशीन असेल तर नूव्हो.

हे झालं तुमचं. पण 'काळी स्क्रीन' या दोन शब्दांखाली चार वेगवेगळे आजार येतात, आणि तोच मथळा बघून इथे आलेल्यांना वरचं औषध लागू पडेलच असं नाही.

मी स्वतः यात दोन संध्याकाळी घालवल्यात. एक जुना लॅपटॉप, इंटेल ग्राफिक्स, काळी स्क्रीन. नोमोडसेट झालं, तीन वेगवेगळ्या डिस्ट्रो (मिंटसारखे लिनक्सचे प्रकार) झाल्या, पेनड्राइव्ह बदलून झाला. दुसऱ्या दिवशी खोलीतला दिवा बंद केला, मोबाइलचा टॉर्च लावायला गेलो आणि प्रकाशाची तिरीप स्क्रीनवर पडली. काचेच्या आत, पाण्याखाली असावं तसं पुसट, लॉगिनचं पान दिसत होतं. म्हणजे लिनक्स दोन दिवस माझी वाट बघत शांत बसलं होतं; फक्त बॅकलाइट बंद होता. ग्रबच्या त्याच ओळीत 'एसीपीआय_बॅकलाइट=व्हेंडर' लिहिलं आणि काम झालं. काही मशीनवर 'व्हेंडर'च्या जागी 'नेटिव्ह' लागतं. बॅकलाइटसाठी एकाच वेळी दोन-तीन दावेदार उभे असतात, त्यातला कुठला ऐकायचा हे या शब्दाने ठरतं. 'एलएस /सिस/क्लास/बॅकलाइट' केलं की तिथे कोण कोण बसलंय ते कळतं. तेव्हापासून काळी स्क्रीन म्हटलं की मी आधी टॉर्च तिरका मारतो. मग कॅप्स लॉक दाबतो. दिवा लागतो-विझतो, तर कर्नल जिवंत आहे आणि भानगड दिसण्यापुरती आहे. दिवा ढिम्म राहिला तर मशीन खरंच लटकलंय.

दुसरा आजार गमतीशीर आहे. स्क्रीन चालू असते, वॉलपेपर दिसतो, माउस फिरतो, पण ना पॅनेल ना इन्स्टॉलरची खिडकी. माउस कडेला नेला की भिंतीतून आरपार जावा तसा गायब होतो. हे जुन्या इंटेल मशीनवर होतं: चिपमध्ये टीव्ही-आउटची सोय असते, लॅपटॉपला तो सॉकेटच नसतो, पण ड्रायव्हरला वाटतं टीव्ही जोडलाय. सगळं सामान त्या नसलेल्या टीव्हीवर जाऊन बसतं. 'एक्सरँडआर' चालवा, 'एसव्हिडिओ-१ कनेक्टेड' अशी ओळ दिसली तर चोर सापडला. ग्रबच्या ओळीत 'व्हिडिओ=एसव्हिडिओ-१:डी' लिहायचं, त्यात 'एसव्हिडिओ' तेवढं मोठ्या अक्षरांत. टर्मिनलच उघडता येत नसेल तर कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून अक्षरी कन्सोलवर जा आणि 'एलएस /सिस/क्लास/डीआरएम' करा. तिथेही जोडण्यांची नावं दिसतात.

झाकणाचाही घोळ असतो. बिजागरीजवळचा स्विच झिजला की मशीनला झाकण कायम बंदच वाटतं आणि ते इमानदारीत स्क्रीन विझवतं. 'बटन.लिड_इनिट_स्टेट=ओपन' या पॅरामीटरने ते सुधारतं का बघा.

चौथा आजार लिनक्सचा नाहीच. बायॉसच्या पानावरच रेघा दिसत असतील, किंवा झाकण मागे-पुढे केल्यावर चित्र येत-जात असेल, तर केबल, पॅनेल किंवा कार्ड. कुठलाही पॅरामीटर तिथे काही करणार नाही. बाहेरचा मॉनिटर लावून बघा: तिथे चित्र स्वच्छ असेल तर केबल किंवा पॅनेल, तिथेही रेघा असतील तर कार्ड. तुमच्या लॅपटॉपच्या वयाच्या एनव्हिडिया मशीनवर हे तपासाच. त्या सुमाराच्या काही लॅपटॉप चिप्सच्या पॅकेजिंगमध्ये कमकुवत साहित्य वापरलं गेल्याचं कंपनीनेच २००८मध्ये जाहीर केलं होतं. तापून-थंड होऊन त्या चिप्स कालांतराने जातात.

रेझोल्यूशनबद्दल एक बारीक गोष्ट. ड्रायव्हर नीट चालू असूनही हवं ते रेझोल्यूशन यादीत नसेल, तर पॅनेल स्वतःची माहिती नीट सांगत नाहीये. तेव्हा लोक 'सीव्हीटी १३६६ ७६८' चालवून मोडलाइन (त्या रेझोल्यूशनचं वर्णन करणारी ओळ) काढतात आणि एक्सरँडआरला देतात. मग चित्र दोन पिक्सेल सरकतं आणि कडेला रेघ दिसते. कारण सीव्हीटी रुंदी आठच्या पटीत नेतो; १३६६ मागितलं तरी तो मुकाट्याने १३६८ची ओळ देतो. १३६६ आठने भागला जात नाही, पण सर्वांत जास्त लॅपटॉप नेमके त्याच मापाचे निघाले. तुमचं १२८० आठने नीट भागलं जातं, त्यामुळे ही डोकेदुखी तुम्हाला नाही.

छोट्या स्क्रीनच्या नेटबुकवाल्यांसाठी: १०२४ × ६००वर इन्स्टॉलरची 'पुढे' कळ खाली स्क्रीनबाहेर जाते. ऑल्ट धरून खिडकी माउसने वर ओढा. नोम या डेस्कटॉपवर ऑल्टऐवजी सुपर, म्हणजे विंडोजची कळ.

एएमडीच्या जुन्या कार्डांना 'रेडिऑन' ड्रायव्हर लागतो, आणि त्याला फर्मवेअरच्या (कार्डाच्या आत चालणाऱ्या प्रोग्रॅमच्या) फाइल्स. डेबियन या डिस्ट्रोची १२च्या आधीची अधिकृत इन्स्टॉलर प्रतिमा त्या सोबत देत नव्हती, म्हणून तिथे काळी स्क्रीन हमखास यायची. २०२३च्या १२व्या आवृत्तीपासून ते बदललं. नेटबुकमध्ये इंटेल जीएमए ५०० किंवा ३६०० असेल तर मात्र स्पष्टच सांगतो: नावाला इंटेल, आतली चिप पॉवरव्हीआरची. कर्नलमधल्या ड्रायव्हरने रेझोल्यूशन मिळतं, थ्रीडी प्रवेग मिळत नाही. त्यावर एक्सएफसीई हा हलका डेस्कटॉप किंवा त्याहून हलकं काही चालवा आणि व्हिडिओची आस सोडा.

तुमच्याकडे परत येतो. ग्रबच्या मेनूत जो पॅरामीटर चालला तो कायम करायला 'सुडो नॅनो /इटीसी/डिफॉल्ट/ग्रब' करा. त्यात ग्रब_सीएमडीलाइन_लिनक्स_डिफॉल्ट (हे सगळं मोठ्या अक्षरांत) ही ओळ आहे. अवतरणचिन्हांच्या आतला नोमोडसेट काढा, नवा पॅरामीटर तिथेच लिहा, 'क्वायट स्प्लॅश' राहू द्या. सेव्ह करून 'सुडो अपडेट-ग्रब'. ही दुसरी आज्ञा विसरलात तर फाइल बदललेली दिसेल आणि बूट जुन्याच ओळीवर होत राहील. मी विसरलोय, दोनदा.

नोअ‍ॅक्सेल लावूनही स्क्रीन काळीच राहिली तर बंद करून नोमोडसेटने आत या आणि 'सुडो जर्नलसीटीएल -के -बी -१' चालवा. ही मागच्या, म्हणजे फसलेल्या बूटची नोंद असते. तिच्यातल्या नूव्हो शब्द असलेल्या ओळी इथे टाका, आणि टॉर्च मारल्यावर काय दिसलं तेही लिहा.