स्काला या प्रोग्रामिंग भाषेच्या पार्सर कॉम्बिनेटरमध्ये (मजकूर वाचणारे छोटे पार्सर जोडून मोठा पार्सर बनवायची पद्धत) कंस, स्वल्पविराम निकालातून कसे वगळायचे?

तुमची अडचण अशी दिसते: [दादर@8:12, ठाणे@8:40] ही ओळ वाचली जाते, पण स्थानकांसोबत कंस, स्वल्पविराम आणि @ सुद्धा निकालात येतात. ते नंतर काढत बसू नका. दोन पार्सर जोडणाऱ्या ~ मुळे निकाल एकात एक अडकलेल्या जोड्यांचा होतो. तो सोडवायला लांबलचक केस (पॅटर्न जुळवणारी ओळ) लिहावी लागते आणि व्याकरणात एक चिन्ह वाढलं की तीही बदलावी लागते.

वाचतानाच सोडून द्या. ~ दोन्ही बाजू ठेवतो, ~> फक्त उजवी, <~ फक्त डावी. बाणाचं टोक जिकडे, ती बाजू उरते.

"[" ~> रेपसेप(थांबा, ",") <~ "]"

थांबा हा एक स्थानक आणि त्याची वेळ वाचणारा पार्सर, आणि रेपसेप तो चिन्हाने विभागून पुन्हा पुन्हा चालवतो. रेपसेप स्वल्पविराम स्वतःच गाळतो, हातात थेट लिस्ट येते. कंस निकालात नसला तरी इनपुटमध्ये तो लागतोच, शेवटचा ] लिहायचा राहून गेला तर पार्सिंग फसतं.

आता जिथे मी स्वतः एक अख्खी संध्याकाळ घालवली ते सांगतो. इथे मुंबईत लोकलच्या थांब्यांची फाइल वाचताना मी लिहिलं होतं:

थांबा = स्थानक <~ "@" ~ वेळ

कंपाइल झालं, एकही ओळ अडली नाही, आणि निकालात दादर, कुर्ला, घाटकोपर, ठाणे अशी नुसती नावं. वेळा गायब! स्कालात ऑपरेटरचा अग्रक्रम त्याच्या पहिल्या अक्षरावरून ठरतो, आणि ~ चा क्रम < पेक्षा वरचा. म्हणून "@" ~ वेळ आधी एकत्र बांधलं गेलं आणि <~ ने ते सगळंच फेकलं. बाण उलटा करून स्थानक ~ "@" ~> वेळ लिहिलंत तर स्थानक जाईल, कारण ~ आणि ~> समान क्रमाचे, डावीकडून जुळतात. कंस घाला:

स्थानक ~ ("@" ~> वेळ)

एका ओळीत ~ सोबत बाणाचा ऑपरेटर आला की मी आता न विचार करता कंस घालतो. (हास्केल या दुसऱ्या भाषेत *> आणि <* हेच काम करतात, तिथे दोन्हींचा क्रम सारखा आहे, तरी कंसाची सवय तिथेही उपयोगी पडते.)

मात्र गणिती पदावलीतले + आणि − गाळू नका. ते विरामचिन्हं नव्हेत, बेरीज की वजाबाकी हे त्यांच्यावरूनच कळतं.

आणि प्रत्येक पार्सरपुढे निकालाचा टाइप लिहून ठेवा. वेळ गळाली तर कंपायलर तिथेच थांबवेल.