बाबांचा आणि माझा एचआरव्ही (हार्ट रेट व्हेरिएबिलिटी) 30 च्या आसपास, मित्राचा 70. तब्येत सगळ्यांची ठीक. हे आनुवंशिक असतं का?

काही अंशी, हो. हृदयाच्या दोन ठोक्यांमधलं अंतर क्षणोक्षणी मिलिसेकंदांनी कमी-जास्त होतं, तोच हा आकडा. श्वास सोडताना मेंदूकडून हृदयाकडे जाणाऱ्या व्हेगस नर्व्हचा लगाम घट्ट होतो आणि ठोके संथ होतात, श्वास घेताना तो सैल पडतो. या लगामाची पकड माणसागणिक वेगळी, आणि त्यात जनुकांचा हात आहे. जुळ्यांच्या अभ्यासांत साधारण पाव ते निम्मा फरक आनुवंशिक निघतो.

पण एकच जनुक शोधायला जाऊ नका. 2017 मध्ये 50 हजारांहून जास्त लोकांच्या जनुकांचा अभ्यास झाला. त्यात गुणसूत्रांवरच्या 8 जागा सापडल्या, पण त्या सगळ्या मिळून जेमतेम 1 ते 3 टक्के फरकाचा उलगडा होतो. त्यातलं एचसीएन4 जनुक हृदयाच्या नैसर्गिक पेसमेकरचं, तर आरजीएस6 व्हेगसचा इशारा आवरतं घेणारं. (अभ्यासातले लोक युरोपीय वंशाचे होते, आपल्या वऱ्हाडातले नव्हेत.)

शिवाय बापलेकांचं घर एक, वावर एक. हरभऱ्यात रोही-डुकरं येतात म्हणून रात्रभर जागल केली की सकाळी आकडा पडणारच. खर्रा, दारू, ताप, मे महिन्यातलं ऊन यांनीही पडतो. वयानुसार तर उतरतोच, त्यामुळे बाबांशी तुलना तशीही फसवी.

मित्राचा आकडा सोडा. जागल नसलेल्या आठवड्यातली स्वतःची सरासरी बघा.