अ‍ॅकॉर्डियन म्हणजे गळ्यात अडकवलेली पेटीच ना? मग त्याचं एवढं कौतुक कशासाठी?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं पेटी शिकताय, जुन्या हिंदी गाण्यांत अ‍ॅकॉर्डियन ऐकू येतं, पण पेटीहून ते निराळं कशात, हे उमगत नाही. मी इंदूरचा, रामबागेत वाढलो. आधी आठ वर्षं पेटी, मग मामाचं अ‍ॅकॉर्डियन. तेव्हा मलाही वाटलं होतं, पट्ट्या त्याच आहेत, बोटं आपोआप चालतील. बोटं चाललीही. पण वाजत होतं ते अगदीच निर्जीव. मामा एवढंच म्हणाला, "बोटांकडे काय बघतोस, भात्याकडे बघ."

सगळा फरक त्या भात्यातच आहे. आपल्या पेटीत हाताने हलवतो तो भाता हवा थेट सुरांना देत नाही. ती आधी आतल्या, स्प्रिंगवर बसवलेल्या भात्यात साठते आणि तिथून एकसारख्या दाबाने सुरांकडे जाते. म्हणून तर आपण डाव्या हाताने भाता मारत असतो तरी सूर अखंड राहतो. सोय म्हणून ही रचना उत्तमच. पण तुमच्या हाताचा झटका, हाताची माया त्या मधल्या कोठीत बरीचशी विरून जाते. अ‍ॅकॉर्डियनमध्ये मधली कोठीच नाही. डावा हात जेवढा ओढेल तेवढीच हवा, त्याच क्षणी, त्या सुरातून जाते. सूर धुक्यासारखा हळूच उगवू शकतो, मध्येच फुगतो, एकदम तुटतो. गाणाऱ्याचा श्वास आणि अ‍ॅकॉर्डियनचा भाता यांत फार अंतर नाही, आणि मी त्याच्यावर भाळलो ते यासाठीच.

भाता ओढताना आणि दाबताना एकच सूर निघावा म्हणून प्रत्येक सुराच्या प्लेटवर पोलादाच्या दोन पातळ जिभा (हवेने थरथरून सूर काढणाऱ्या पट्ट्या, म्हणजे रीड) असतात, एक ओढीसाठी, एक दाबासाठी. मोठ्या वाद्यात उजव्या हाताला 41 पट्ट्या. सुरांचे तीन संच धरले तर फक्त त्या बाजूला 246 जिभा होतात! त्यातले दोन संच मुद्दाम किंचित बेसूर ठेवतात, म्हणजे दोन्ही मिळून आवाज थरथरतो. फ्रेंच धाटणीचा जो ओला, हलता आवाज ऐकून पॅरिस आठवतं, तो याच थरथरीतून येतो. डाव्या हाताला 120 बटणं. एका बटणात खर्जाचा सूर, शेजारच्यात अख्खा मेजर कॉर्ड (एकत्र वाजणारे जुळते सूर), पुढे मायनर, सेव्हन्थ. व्हिएन्नात 1829 साली सिरिल डेमियान यांनी पेटंट घेतलं तेव्हा वाद्याला नाव दिलं तेही जर्मन भाषेतल्या कॉर्डच्या शब्दावरून, कारण एका बोटात पूर्ण कॉर्ड ही त्याची खासियत होती.

म्हणूनच ते जगभर गेलं. एक माणूस, एक पट्टा, ना वीज ना साथीदार, आणि लग्नाचा मांडव नाचवण्याइतका आवाज. अर्जेंटिनाच्या टँगोत त्याचा भाऊबंद बँडोनियन आहे, कोलंबियाच्या वायेनातो लोकसंगीतात आणि अमेरिकेतल्या लुइझियानाच्या केजन लोकगाण्यांत ते स्वतः आहे. रशियन संगीतकार चायकोव्स्कीने 1883 च्या ऑर्केस्ट्रा सूटमध्ये चार अ‍ॅकॉर्डियन लिहिली. ते हलक्या गाण्यांचं वाद्य आहे असं म्हणणाऱ्यांना मी हे आवर्जून सांगतो.

आपल्याकडे ते रुजलं सिनेमात. पडद्यावर 'संगम'मध्ये (1964) राज कपूरच्या गळ्यात ते सगळ्यांनी पाहिलं. पण वाजवणाऱ्यांची नावं लोकांना ठाऊक नसतात याचं मला मनापासून वाईट वाटतं. गुडी सीरवाई, केरसी लॉर्ड, पुण्याचे एनॉक डॅनियल्स. 'रूप तेरा मस्ताना' (1969) पुन्हा ऐका आणि या वेळी शब्द सोडून द्या. गाण्यातलं अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचं आहे. ते सूर नुसते धरून ठेवत नाहीत, ओळ संपली की श्वास टाकल्यासारखे आत येतात आणि निघून जातात. पेटीवर हे सूर जसेच्या तसे वाजवून पाहा. सूर बरोबर येतील, उसासा येणार नाही.

मामा इथल्या एका ऑर्केस्ट्रात वाजवायचा. गणेशोत्सवात मराठी मंडळांचे कार्यक्रम, मग अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) पाहायला रात्रभर जागरण. दहा किलोच्या वर वजन खांद्यावर घेऊन तो तीन-तीन तास उभा असे. ऐंशीच्या दशकात कीबोर्ड आले. एकाच यंत्रात बासरी, व्हायोलिन, अ‍ॅकॉर्डियन, सगळं बटणावर! ऑर्केस्ट्रावाल्यांना ते स्वस्त पडलं आणि मामाचं वाद्य घरी आलं. कीबोर्डमधल्या 'अ‍ॅकॉर्डियन'ला भाता नाही, एवढं मात्र कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्याची मर्यादाही सांगतो. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, त्यावर होत नाही. पट्टीवर सूर जिथे बसलाय तिथेच बसलेला. याच कारणाने आकाशवाणीने 1940 पासून 1971 पर्यंत पेटीलाही दूर ठेवलं होतं. ख्यालगायक उस्ताद अमीर खाँसाहेबांच्या इंदुरात राहून मी तरी अ‍ॅकॉर्डियनवर विलंबित ख्याल वाजवायला जाणार नाही. भावगीत, नाट्यपदाची चाल, सिनेमाचं गाणं, ठेका धरून चालणारं काहीही, तिथे ते मनसोक्त फुलतं.

मामाचं ते वाद्य एक वर्ष मे महिन्यात गच्चीवरच्या खोलीत राहिलं. सुरांच्या प्लेटा लाकडी पट्टीवर मेणाने बसवलेल्या असतात, हे मला माहीत नव्हतं. मेण पाघळलं, प्लेटा सरकल्या, आणि भाता ओढला की नुसता फस्स आवाज. राजवाड्यामागच्या गल्लीतल्या एका म्हाताऱ्या पेटी दुरुस्त करणाऱ्याने मेणात राळ मिसळून एकेक प्लेट पुन्हा बसवली. आठवडा लागला. पैसे घेताना म्हणाला, "भैया, इसको ठंडे में रखना, ये पेटी से नाज़ुक है।" तेव्हापासून ते कपाटात खालच्या कप्प्यात असतं, आणि दर रविवारी मी ते बाहेर काढतो.

तुम्हाला कधी हातात मिळालं तर गाणं वाजवू नका. मधला सा दाबून ठेवा, बोट उचलू नका, आणि फक्त डाव्या हाताने तो सा लहानाचा मोठा, मोठ्याचा लहान करा. मग भात्याची दिशा बदला, पण ऐकणाऱ्याला सांधा कळता कामा नये. मला तो सांधा लपवायला दोन महिने लागले.