चाकांवरचं बिऱ्हाड: वाचकांचे प्रश्न

प्रश्न: टेम्पो ट्रॅव्हलरमध्ये आम्ही पलंग, ओटा, ४० लिटरचा १२ व्होल्टवर चालणारा फ्रिज आणि दोन पंखे बसवून घेतले आहेत. १५० एएचची (अँपिअर-तासांची) ट्यूब्युलर बॅटरी चालत्या गाडीवर चार्ज होते. रोज दोन-अडीच तास गाडी चालवूनही पहाटे फ्रिज बंद पडतो. बॅटरी गेली असेल का?
— एक निवृत्त दांपत्य, फोंडा

उत्तर: बॅटरी बदलायची घाई करू नका. आधी खर्चाचा हिशेब मांडा. गोव्याच्या उकाड्यात एवढा फ्रिज दिवसाला साधारण ५०० वॉट-तास घेतो. पंचवीस वॉटचे दोन पंखे रात्रभर चालले की आणखी ४५०. दिवे आणि मोबाइल मिळून शंभराच्या आत. म्हणजे हजाराच्या थोडं वर. १५० एएच म्हणजे कागदावर १८०० वॉट-तास, पण लेड-अॅसिड बॅटरी (ट्यूब्युलर त्यातलीच) निम्म्याखाली वारंवार उतरवली तर लवकर मरते. तेव्हा हाताशी ९०० धरा, आणि तेही बॅटरी पूर्ण भरली असेल तरच.

ती पूर्ण भरतच नसणार. या बॅटरीला चार्जिंगच्या वेळी १४.४ व्होल्टच्या आसपास लागतात. इंजिनापासून मागे आणलेली वायर बारीक असेल तर मागे पोचतात तेरा-सव्वातेरा. शिवाय लेड-अॅसिडचा शेवटचा वीस टक्के भाग भरायला कित्येक तास जातात, तो दोन तासांच्या घाटात कुठून भरणार?

मल्टिमीटर घ्या आणि कॉम्प्रेसर सुरू असताना दोन ठिकाणी व्होल्टेज मोजा: एकदा बॅटरीच्या टर्मिनलवर, एकदा फ्रिजच्या प्लगपाशी. फरक ०.३ व्होल्टपेक्षा जास्त आला तर दोष वायरीत किंवा सिगारेट लायटरच्या ढिल्या सॉकेटमध्ये आहे. फ्रिजला बॅटरी उतरलीय असं वाटतं आणि तो स्वतःला बंद करतो, बॅटरीत जीव असला तरी. दीड चौरस मिलिमीटरची वायर काढून चारची टाका, सॉकेट काढून सरळ जोडणी करा आणि बॅटरीपासून वीतभर अंतरात फ्यूज बसवा. एवढ्यावर बऱ्याचदा पहाटेची कटकट मिटते.

पुढे कधी लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी घेणार असाल तर १०० एएच दोघांना पुरते. १२८० वॉट-तासांतले हजारावर सहज वापरता येतात, आणि वजन ट्यूब्युलरच्या पाव भागाएवढं. पण ती थेट अल्टरनेटरला (इंजिनावर वीज बनवणाऱ्या यंत्राला) जोडू नका. रिकामी लिथियम बॅटरी इतका करंट ओढते की अल्टरनेटर तापून जळू शकतो. मध्ये ३० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (करंट आवरून धरणारा) हवाच. आणि ट्यूब्युलर ठेवणार असाल तर तिचा हायड्रोजन बाहेर जायला नळी काढा. पलंगाखालच्या बंद पेटीत ती ठेवणं धोक्याचं आहे. इंडक्शन शेगडीचा विचारही नको. १८०० वॉट म्हणजे १२ व्होल्टवर दीडशे अँपिअरच्या वर.

जाता जाता: आतली बांधणी आरसीवर नोंदवली आहे ना? गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहेच, पण खरी अडचण विम्याचा दावा करताना येते.

प्रश्न: बेळगावहून चोर्ला घाट उतरताना करपल्यासारखा वास आला आणि केरीच्या अलीकडे ब्रेकचं पॅडल खोल गेलं. गॅरेजवाला म्हणतो, पॅड ठीक आहेत.
— एक वाचक, म्हापसा

उत्तर: गॅरेजवाला बहुधा बरोबर आहे. पॅड तापून निकामी झाले की पॅडल घट्ट राहतं, पण गाडी थांबत नाही. पॅडल मऊ होऊन खोल जातं तेव्हा ब्रेक ऑइल उकळलेलं असतं आणि पाय वाफ दाबत असतो. डॉट ४ ऑइल नवं असताना २३० अंशांच्या वर उकळतं, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मग ही मर्यादा १५५ पर्यंत खाली येऊ शकते. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत दोन वर्षांनी ते बदलायलाच हवं, गाडी किती धावली हे बघू नका. उघडून ठेवलेला अर्धा डबा पुढच्या वेळी वापरू नका.

उरलेलं काम गिअरचं. उतार लागण्याआधीच दुसरा गिअर टाका. ब्रेकवर पाय टेकवून ठेवायचा नाही: घट्ट दाबा, वेग उतरवा, सोडा. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणारे अजून भेटतात. गिअरमध्ये उतरताना आजचं इंजिन इंधन घेतच नाही, न्यूट्रलमध्ये मात्र घेतं, तेव्हा तो फायदासुद्धा नाही. पाण्याची टाकी भरून घाट उतरू नका. ८० लिटर म्हणजे ८० किलो.

पॅडल पुन्हा खोल गेलंच तर भराभर पंप मारा, गिअर खाली आणा, हँडब्रेक हळूहळू ओढा आणि डोंगराच्या बाजूला थांबा. चाकांना दगड लावून अर्धा तास जाऊ द्या. तापलेल्या डिस्कवर पाणी ओतू नका, ती वाकते किंवा तडकते.

प्रश्न: आम्हा नवरा-बायकोला घाई नाही. चार-पाच दिवस निवांत फिरायचं आहे. वाट कुठली धरावी, रात्री गाडी कुठे लावावी?
— मडगाव

उत्तर: ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात आंबोलीत सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि घाटात दरडी येतात. साखळीहून केरी, तिथे अंजुणे धरण बघा, मग चोर्ला, कणकुंबी (मलप्रभेचा उगम इथलाच), जांबोटीवरून बेळगाव, तिथून आंबोली आणि सावंतवाडीमार्गे परत. दिवसाला एकच टप्पा, आणि चारच्या आत मुक्कामी. भाड्याची गाडी असेल तर कर्नाटक आणि महाराष्ट्राचं परमिट मालकाकडे आहे का, ते निघण्याआधी कागदावर बघा.

रात्री अभयारण्याच्या हद्दीत रस्त्याकडेला थांबू नका. म्हादई आणि नेत्रावळी १९९९ पासून अभयारण्यं आहेत आणि मार्च २०२३ च्या वणव्यांनंतर चुलीचा धूर दिसला की वनरक्षकाला शंका येणारच. गोव्यात पर्यटनस्थळी उघड्यावर स्वयंपाकाला तशीही बंदी आहे. त्यापेक्षा गोव्याच्या सत्तरी तालुक्यात एखाद्या कुळागराच्या (सुपारी-नारळाच्या बागेच्या) मालकाला किंवा होमस्टेवाल्याला आदल्या दिवशी फोन करा. अंगणात जागा, विजेचा प्लग आणि सकाळी बादलीभर पाणी एवढंच मागायचं आणि त्याचे पैसे द्यायचे. माडाखाली आणि फणसाखाली गाडी लावू नका, टपावरचं सोलर पॅनल एका नारळात जातं. झोपताना डोकं चढाच्या बाजूला ठेवा.

प्रश्न: गाडीत गॅस ठेवणं कितपत बरं? थंडीत रात्री काचा बंद करून झोपतो.
— कुडचडे

उत्तर: पाच किलोचा सिलिंडर उभा, पट्ट्याने आवळून ठेवा. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून कप्प्याला तळाशी भोक हवं, वर नाही. गाडी चालताना व्हॉल्व्ह बंद. जोडणीवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे बघा. रोज दीड तास एक बर्नर चालला तर दोघांना तीन आठवडे जातात. मोठ्या सिलिंडरातून भरून देणाऱ्यांकडे जाऊ नका: द्रव फुगायला जागाच उरत नाही.

काचा मात्र बंद नकोत. दोन ठिकाणी बोट-दोन बोटं फट ठेवा, म्हणजे गादीही ओली होणार नाही. शेगडी किंवा निखारे ऊब म्हणून कधीच नाहीत. उभ्या गाडीला लागून जनरेटरही नको. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा इथे कॅराव्हॅनमध्ये दोघे मेले ते जनरेटरचा धूर आत शिरून, कार्बन मोनॉक्साइडने. त्याला वास नसतो.

प्रश्न: सत्तरीत माकडतापाची भीती आहे म्हणतात. जावं का?
— वास्को

उत्तर: जा, पण गोचिडांपासून सांभाळा. हा ताप गोचीड चावल्याने येतो आणि धोका डिसेंबर ते मे जास्त. पालापाचोळ्यावर चटई टाकून बसू नका, लांब पँट मोज्यात खोचा, गाडीत चढण्याआधी एकमेकांच्या गुडघ्यामागे, काखेत आणि कमरेपाशी बघा. गोचीड दिसला तर चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, चिरडू नका. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वन खात्याला किंवा आरोग्य केंद्राला कळवा. परत आल्यावर आठ-दहा दिवसांत ताप आला, तर डॉक्टरांना सत्तरीत राहून आलो हे पहिल्या वाक्यात सांगा.