रेड १०: जोडी सांभाळा, डेटा सांभाळला जाईल

मागच्या वेळी रेडबद्दल, म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून एकाच डिस्कसारख्या वापरण्याच्या पद्धतीबद्दल, थोडं लिहिलं होतं, त्यावर बरेच प्रश्न आले. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, पण बहुतेक प्रश्न रेड १० वरच येऊन थांबतात, म्हणून आज तेच घेतो.

प्रश्न: माझं लग्नाच्या फोटो-व्हिडिओचं काम आहे. ४ टीबीच्या चार डिस्क घेतल्यात. दुकानदार म्हणतो रेड ५ लाव, १२ टीबी मिळतील, रेड १० मध्ये ८च मिळतात. मग ४ टीबी का सोडू?

दुकानदाराचा हिशोब बरोबर आहे, पण तो सगळं धडधाकट असतानाचा आहे. रेड १० मध्ये आधी दोन-दोन डिस्कच्या जोड्या लागतात, जोडीतल्या दोन्ही डिस्कवर अगदी तोच डेटा, म्हणजे मिररिंग. मग या जोड्यांवर डेटा तुकडे करून पसरतात, एक तुकडा पहिल्या जोडीवर, पुढचा दुसऱ्या, ते स्ट्रायपिंग. मिररमुळे सुरक्षितता, स्ट्राइपमुळे वेग. आणि वाचताना तर चारही डिस्क कामाला लागू शकतात.

रेड ५ मध्ये प्रत पूर्ण नसते, पॅरिटी असते, म्हणजे बाकीच्या डिस्कवरून हरवलेला तुकडा गणिताने काढायचा. छोटं काही बदलायचं तर जुना डेटा वाचा, जुनी पॅरिटी वाचा, नवा डेटा लिहा, नवी पॅरिटी लिहा, अशी चार कामं होतात, रेड १० मध्ये फक्त दोनदा लिहिणं. आता खरं सांगायचं तर तुमच्या मोठ्या व्हिडिओ फायलींना याचा फार त्रास होणार नाही, त्या सलग लिहिल्या जातात. डेटाबेस किंवा अकाउंटिंगचं सॉफ्टवेअर असेल तिथे फरक जाणवतो.

तुमच्यासाठी खरा मुद्दा डिस्क गेल्यावरचा आहे. रेड ५ ला नवी डिस्क भरायला उरलेल्या तिन्ही पूर्ण वाचाव्या लागतात, म्हणजे १२ टीबी. साध्या डिस्कच्या माहितीपत्रकात डेटा वाचता न येण्याच्या एररचं प्रमाण बऱ्याचदा १०^१४ बिटांत १ असं दिलेलं असतं, ते होतात साधारण साडेबारा टीबी, म्हणजे १२ टीबी वाचताना एखादी एरर येऊ शकते. कंपनीने धरलेली ही वाईटात वाईट मर्यादा आहे, प्रत्यक्षात डिस्क बहुधा त्यापेक्षा चांगल्या चालतात, पण कुणाच्या लग्नाचे फोटो परत काढता येत नाहीत ना! रेड १० मध्ये फक्त जोडीदार डिस्क वाचायची, ४ टीबी. सेकंदाला १५० एमबीचा वेग धरला तरी साडेसात तास लागतातच, पण बाकीच्या डिस्कवर ताण नाही. मी तुमच्या जागी असतो तर ८ टीबीच घेतले असते.

प्रश्न: इंजिनिअरिंगला आहे. रेड १० आणि रेड ०१ एकच ना? चार डिस्क, दोन प्रती, सारखंच वाटतं.

जागा सारखी, वेगही जवळपास सारखा, पण डिस्क गेली की फरक कळतो. रेड १० म्हणजे मिरर केलेल्या जोड्यांवर स्ट्राइप. एक डिस्क गेली, तर उरलेल्या तीनपैकी फक्त एकच धोक्याची, तिची जोडीदार. रेड ०१ म्हणजे दोन डिस्कची स्ट्राइप आणि त्या अख्ख्या स्ट्राइपचा मिरर. तिथे एक डिस्क गेली की ती पूर्ण बाजू बाद होते आणि सगळा भार दुसऱ्या बाजूच्या दोन डिस्कवर, त्यातली कुठलीही गेली की संपलं. म्हणजे तीनात एक आणि तीनात दोन. कागदावर चार चौकोन काढून एकेक खोडून बघ, लगेच डोक्यात बसेल. रेडचे १ ते ५ हे प्रकार १९८८ च्या बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ यांच्या पेपरमधले आहेत, तो जरूर वाच.

प्रश्न: आमच्या ऑफिसात सर्व्हरवर रेड १० आहे. मग रोज बॅकअप घ्यायची गरज काय?

आहे, आणि खूप आहे. मिरर आज्ञाधारक असतो हो, तुम्ही फाइल उडवली की तो दुसऱ्या डिस्कवरूनही त्याच क्षणी उडवतो. रॅन्समवेअरने, म्हणजे खंडणी मागणाऱ्या व्हायरसने, फायली लॉक केल्या तर दोन्ही प्रती लॉक. पॉवर सप्लाय बिघडून चारही डिस्क जळू शकतात, पुराचं पाणी शिरू शकतं. रेड आहे ते डिस्क गेली तरी काम थांबू नये म्हणून. बॅकअप वेगळ्या डिस्कवर आणि त्यातली एक प्रत ऑफिसबाहेर, यात तडजोड करू नका.

प्रश्न: सकाळी बघितलं तर रेड १० चा ॲरे (डिस्कचा संच) डिग्रेडेड, म्हणजे एक डिस्क गेलेली, दाखवतंय, पण सगळं व्यवस्थित चालू आहे. महिनाअखेर झाली की डिस्क बदलली तर चालेल का?

नाही चालणार, आजच बघा. सगळं चालू आहे कारण जोडीदार डिस्क एकटी दोघींचं काम ओढतेय, आणि ती गेली तर अख्खा ॲरे जाईल, कारण प्रत्येक मोठ्या फाइलचा काही भाग त्या जोडीवरच आहे.

पहिल्यांदा बॅकअप ताजा करून घ्या. मग कुठली डिस्क गेली ते सिरियल नंबरवरून नक्की करा, "तिसऱ्या खणातली असेल" असं अंदाजाने अजिबात नको. मी बघितलेल्या प्रकारांत सगळ्यात वाईट हाच होता, घाईत चांगली डिस्क ओढून काढली आणि खराब आत राहिली. नंबर जुळला की मगच काढा, आणि नवी डिस्क तेवढ्याच किंवा जास्त क्षमतेची लावा. रिबिल्ड, म्हणजे नव्या डिस्कवर डेटा परत भरणं, चालू असताना कॉपी-बिपी मोठं काम लावू नका, आणि यूपीएस जोडलेला असू द्या, आपल्याकडे लाईट कधी जाईल सांगता येत नाही.

आणि चारही डिस्क एकाच वेळी एकाच बॉक्समधून घेतलेल्या असतील तर जास्तच घाई करा. मी स्वतः एकदा अशाच घेतल्या होत्या, पहिली गेल्यावर आठवड्याच्या आत दुसरी गेली, नशिबाने दुसऱ्या जोडीतली होती. तेव्हापासून मी जोडीतल्या दोन डिस्क वेगवेगळ्या बॅचच्या घेतो.

प्रश्न: लिनक्सवर तीन डिस्कवर रेड १० होतं म्हणतात, खरं का?

हो, लिनक्सच्या सॉफ्टवेअर रेडमध्ये होतं. तिथे ठरलेल्या जोड्या नसतात, प्रत्येक तुकड्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कवर जातात, जागा दीड डिस्कएवढी मिळते. फक्त एक लक्षात ठेवा, तीनपैकी कुठल्याही दोन गेल्या की डेटा गेला. आणि खरा डेटा टाकण्याआधी एकदा मशीन बंद करून एक डिस्क मुद्दाम काढा, चालू करा, अलर्टचा मेल येतो का बघा, मग परत जोडून रिबिल्ड पूर्ण होऊ द्या. मेल आला नाही तर आधी तो दुरुस्त करा, डेटा त्यानंतर.