‘खुले विज्ञान’ की ‘मुक्त विज्ञान’?

वडोदऱ्यातील एका वाचकांनी विचारले आहे की, दांडिया बाजार आणि रावपुरा भागांतील मराठी कुटुंबांच्या मुलाखतींवर आधारलेल्या मानसशास्त्रीय अभ्यासाच्या संमतीपत्रकात ‘ओपन सायन्स’साठी, म्हणजे संशोधनाची माहिती आणि पद्धत इतरांनाही पाहता येईल अशी ठेवण्याच्या रीतीसाठी, ‘मुक्त विज्ञान’ लिहावे की ‘खुले विज्ञान’, आणि ‘रेप्लिकेशन’साठी योजलेला ‘पुनरावृत्ती’ हा शब्द अशा अभ्यासाला लागू पडतो का.

माझे मत निःसंशय ‘खुले’च्या बाजूने आहे. ‘मुक्त’ या शब्दात बंधन सुटल्याचा अर्थ प्रधान आहे. मुक्त विद्यापीठात प्रवेशाच्या नेहमीच्या अटी शिथिल असतात, मुक्तछंदात वृत्ताची बांधणी नसते. खुले मात्र हवे तेव्हा आणि हवे तितकेच ठेवता येते. युरोपीय आयोगाने संशोधन-विदेसाठी (संशोधनात गोळा केलेल्या माहितीसाठी) स्वीकारलेले ‘शक्य तितके खुले, आवश्यक तितके बंद’ हे सूत्र नेमके तेच सांगते. मुलाखतींच्या बाबतीत त्याचा उत्तरार्ध अधिक मोलाचा आहे. वडोदऱ्यातील जुनी मराठी घराणी एकमेकांना पिढ्यान्‌पिढ्या ओळखत असल्यामुळे, नाव बदलले तरी ‘आजोबा संस्थानच्या खानगी खात्यात होते आणि घर अमुक वाड्यामागे होते’ एवढ्यावरून बोलणारी व्यक्ती कोण हे शेजाऱ्यांच्या सहज लक्षात येईल. म्हणून संमतीपत्रकात ‘नावे बदलली जातील’ एवढेच लिहिणे अपुरे आहे. ‘ओळख पटू शकेल असे तपशील वगळले जातील’ असे लिहावे. मुलाखत देण्याची संमती आणि तिची लिखित प्रत इतर अभ्यासकांना दाखवण्याची संमती यांसाठी दोन वेगळ्या सह्या घ्याव्यात.

‘पुनरावृत्ती’ हा शब्द प्रयोगांसाठी योग्य आहे. २०१५ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले गेले आणि त्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांतच सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय निष्कर्ष हाती आले, तिथे प्रश्न पुनरावृत्तीचाच होता. परंतु एकच आजी सुनेच्या वयाच्या मुलाखतकर्तीला एक हकिकत सांगेल आणि परक्या पुरुषाला तीच वेगळ्या रीतीने सांगेल; हा फरक गुणात्मक अभ्यासात, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्याचा अर्थ लावणाऱ्या अभ्यासात, दोष नसून अभ्यासाचा विषय असतो. तिथे मला ‘मागोवा’ हा शब्द सुचवावासा वाटतो. संशोधकाने कोणता प्रश्न मध्येच बदलला, कोणते दोन संकेत (मुलाखतीतील मजकुराला दिलेली विषयवार नावे) एकत्र केले आणि का, याच्या तारीखवार नोंदी ठेवल्या, तर दुसऱ्या अभ्यासकाला त्याच्या विचाराचा मागोवा घेता येतो, मग त्याचा स्वतःचा निष्कर्ष वेगळा निघाला तरी चालेल.