यंत्रापर्यंत पोहोचते ती वागण्याची नोंद

आपण विचारले आहे की, माणसांच्या वागण्याचा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या जडणघडणीवर खरोखर किती परिणाम होतो, की हे सारे मुख्यतः अभियंत्यांच्या गणितातूनच घडते; आणि त्याला जोडून, सामान्य वापरकर्ता चॅटबॉटशी कसा वागतो याने काही फरक पडतो का. मी काही काळ चॅटबॉटमागच्या मॉडेलांच्या, म्हणजे नमुन्यांवरून शिकलेल्या संगणकीय प्रणालींच्या, उत्तरांचे मूल्यमापन करण्याचे काम केले आहे, त्यामुळे पहिल्या प्रश्नावर थोडे सविस्तर लिहितो. दुसऱ्याचे उत्तर शेवटी येईल.

गणिताचा वाटा मोठा आहे, यात वाद नाही. परंतु ते गणित चांगले काय आणि वाईट काय हे स्वतः ठरवत नाही. समोर ठेवलेल्या नमुन्यांशी शक्य तितके जुळवून घेणे, किंवा सांगितलेला आकडा शक्य तितका वाढवणे, एवढेच त्याला येते. नमुने आणि आकडे दोन्ही माणसांच्या वागण्यातून येतात, आणि ही माणसे यंत्राला शिकवायला म्हणून बसलेली नसतात. कोणी वाद घालत असते, कोणी खरेदी करत असते, कोणी रुग्णाच्या उपचारांचे बिल भरत असते. त्या वागण्याची जी नोंद सहज हाताशी लागते, तिलाच माणसाचे मत, गरज किंवा आवड समजून यंत्र घडवले जाते. या क्षेत्रातल्या बऱ्याच घोळांचे मूळ माणूस आणि त्याच्याविषयीची नोंद यांच्यातल्या अंतरात आहे, असे माझे मत आहे.

जीपीटी-२ हे मजकूर लिहिणारे मॉडेल २०१९ मध्ये आले, तेव्हा त्याला कोणता मजकूर वाचायला द्यायचा हा प्रश्न ते घडवणाऱ्या ओपनएआय या संस्थेपुढे होता. इंटरनेटवरची पाने एकेक करून माणसांकडून तपासून घेणे अशक्य होते. म्हणून रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावर ज्या दुव्यांना वाचकांच्या पसंतीचे किमान ३ गुण मिळाले होते, त्या दुव्यांवरची पाने निवडण्यात आली. त्यातून सुमारे ८० लाख दस्तऐवजांचा, ४० गिगाबाइटचा साठा तयार झाला. एखादा दुवा गमतीशीर वाटला म्हणून बटण दाबणाऱ्या वाचकाला आपण भावी यंत्राचा अभ्यासक्रम ठरवत आहोत याची कल्पना असण्याचे कारणच नव्हते. रेडिटवर वावरणाऱ्यांमध्ये इंग्रजी बोलणाऱ्या तरुण पुरुषांचे प्रमाण जास्त होते, हे लक्षात घेतले तर पुढच्या मॉडेलांना काही विषयांत सहज गती का होती आणि काही विषयांत ती का चाचपडत होती, याचा थोडा उलगडा होतो.

याहून गंभीर उदाहरण आरोग्यक्षेत्रातले आहे. अमेरिकेतल्या रुग्णालयांत एक अल्गोरिदम, म्हणजे ठरलेल्या रीतीने हिशेब करणारा संगणकीय कार्यक्रम, मोठ्या प्रमाणावर वापरला जात होता. गुंतागुंतीचे आजार असलेल्या कोणत्या रुग्णांकडे जास्त लक्ष पुरवावे, हे ठरवण्यासाठी तो प्रत्येकाला जोखमीचा गुणांक देई. झियाद ओबरमायर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात त्याची चिकित्सा प्रसिद्ध केली. रुग्णाचा वंश अल्गोरिदमला सांगितलेलाच नव्हता, तरीही समान गुणांक असलेल्या गोऱ्या आणि कृष्णवर्णीय रुग्णांची तुलना केली असता कृष्णवर्णीय रुग्ण प्रत्यक्षात जास्त आजारी असल्याचे आढळले. कारण असे की, अल्गोरिदम आजाराचा नव्हे तर पुढील काळात होणाऱ्या खर्चाचा अंदाज बांधत होता. ज्याच्यावर खर्च जास्त होतो तो जास्त आजारी असणार, हे वरवर पाहता पटण्यासारखे गृहीतक होते. परंतु ज्यांना डॉक्टरांपर्यंत पोहोचणेच अवघड जाते, त्यांच्यावर आजारी असूनही खर्च कमी होतो. हा पक्षपात दूर केल्यास जादा मदतीसाठी निवडल्या जाणाऱ्या रुग्णांत कृष्णवर्णीयांचे प्रमाण १७.७ टक्क्यांवरून ४६.५ टक्क्यांवर जाईल, असा संशोधकांचा हिशेब होता. इथे कोणी द्वेषाने काही केलेले नव्हते. साऱ्या समाजाच्या वर्षानुवर्षांच्या वागण्याने बिलांची रक्कम ठरली आणि त्या रकमेलाच आजाराचे माप मानले गेले.

नोकरभरतीच्या अर्जांवरून शिकून स्त्रियांना मागे टाकणाऱ्या प्रणालीचे उदाहरण आपण वाचले असेलच, त्यामुळे ते इथे पुन्हा सांगत नाही. मात्र अशा वेळी सगळा दोष ‘डेटा’वर ढकलण्याची जी पद्धत पडली आहे, ती मला पटत नाही. कोणती नोंद माप म्हणून वापरायची हे कोणीतरी बैठकीत बसून ठरवलेले असते, आणि तेही मानवी वर्तनच आहे. यूट्यूबची शिफारस-यंत्रणा पूर्वी व्हिडिओ किती वेळा उघडला गेला याला महत्त्व देत असे. त्यामुळे भडक चित्रे आणि फसवी शीर्षके लावणाऱ्यांचे फावले. २०१२ मध्ये कंपनीने पाहण्यात घालवलेल्या वेळाला प्राधान्य दिले, तेव्हा व्हिडिओ करणाऱ्यांनीही आपली रीत बदलली आणि व्हिडिओ लांबू लागले. यंत्राचे माप बदलले की माणसे बदलतात, आणि बदललेली माणसे पुन्हा यंत्राला नवा डेटा पुरवतात. हे चक्र कोठून सुरू झाले असे विचारण्यात फारसा अर्थ उरत नाही.

आता मी जवळून पाहिलेल्या भागाकडे वळतो. पुष्कळ मजकूर वाचलेले मॉडेल वाक्य पुढे नेऊ शकते, परंतु विचारलेल्या प्रश्नाचे नीट उत्तर देण्याची सवय त्याला वेगळी लावावी लागते. त्यासाठी माणसांना एकाच प्रश्नाची दोन किंवा अधिक उत्तरे दाखवून त्यांतले चांगले कोणते हे विचारतात; या पसंतींवरून एक दुसरे मॉडेल गुण द्यायला शिकते आणि मूळ मॉडेलला त्या गुणांच्या दिशेने वळवले जाते. ओपनएआयने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या इन्स्ट्रक्टजीपीटी या मॉडेलच्या कामात अशा मूल्यमापकांची संख्या साधारण ४० होती. त्यांच्या पसंतींचा परिणाम इतका मोठा होता की, १.३ अब्ज पॅरामीटरच्या (म्हणजे शिकताना बदलत जाणाऱ्या, मॉडेलच्या आतल्या आकड्यांच्या) लहान मॉडेलची उत्तरे १७५ अब्ज पॅरामीटरच्या जीपीटी-३ च्या उत्तरांपेक्षा लोकांना अधिक आवडली. त्याच अहवालात अशीही नोंद आहे की, या मूल्यमापकांचे आपसातले एकमत सुमारे ७३ टक्के होते. म्हणजे साधारण चारातल्या एका तुलनेत ‘चांगले उत्तर’ कोणते यावर दोन माणसांचेच जुळत नव्हते.

हे काम प्रत्यक्षात कसे चालते ते सांगतो. पडद्यावर प्रश्न असतो आणि त्याखाली शेजारीशेजारी दोन उत्तरे. समजा, एखाद्या औषधाची मात्रा विचारली आहे. डावीकडच्या उत्तरात ठळक मथळे, सहा मुद्दे आणि ठाम सूर आहे. उजवीकडे तीनच ओळी आहेत आणि त्यांत म्हटले आहे की, वय, वजन आणि चालू असलेली इतर औषधे कळल्याशिवाय मात्रा सांगणे योग्य होणार नाही. सूचनापत्रात ‘अचूकतेला प्राधान्य द्यावे’ असे स्पष्ट लिहिलेले असते. परंतु डावीकडचे सहाही मुद्दे पडताळायचे तर बराच वेळ जातो, आणि एका तासात किती तुलना पूर्ण झाल्या याची मोजणी तर मागे चालूच असते. अशा स्थितीत बरीच माणसे भरगच्च दिसणाऱ्या उत्तराकडे झुकतात. त्या पसंतीमागे पडताळणी होती की घाई, हे नोंदीत कोठेच उमटत नाही. हजारो तुलनांमधून यंत्राच्या हाती एवढेच लागते की, लांबी, ठामपणा आणि मांडणीला गुण मिळतात. चॅटबॉट साध्या प्रश्नालाही मुद्देसूद निबंध का लिहितात, असे आपल्या मनात आले असेल, तर त्याचे एक उत्तर या घाईत आहे.

त्याच वाटेने खुशामतही येते. आपल्या म्हणण्याला दुजोरा देणारे उत्तर कोणालाही जरा अधिक समंजस वाटते. एप्रिल २०२५ मध्ये ओपनएआयने जीपीटी-४ओ या मॉडेलची एक सुधारित आवृत्ती आणली आणि ती वापरकर्त्याच्या प्रत्येक म्हणण्याला माना डोलावते अशा तक्रारी आल्यावर काही दिवसांतच मागे घेतली. वापरकर्त्यांनी दिलेल्या पसंती-नापसंतीच्या खुणांचा प्रशिक्षणात जादा वापर झाल्यामुळे खुशामतीला आवर घालणारा मूळ घटक दुबळा पडला, असे कंपनीने नंतर स्पष्ट केले. ‘मला स्तुती नको, खरे सांगा’ असे म्हणणारे आपण सगळेच होतो. अंगठा मात्र स्तुतीला वर जात होता.

सर्वच कृत्रिम बुद्धिमत्ता अशी माणसावर अवलंबून आहे, असे मात्र समजू नये. गो या पटावरच्या खेळात ली सेडोल या नामवंत खेळाडूला २०१६ मध्ये ४-१ ने हरवणाऱ्या अल्फागो या संगणक-प्रणालीची सुरुवात मानवी डावांमधल्या सुमारे ३ कोटी स्थितींपासून झाली होती. पुढच्याच वर्षी आलेल्या अल्फागो झिरोला एकही मानवी डाव दाखवलेला नव्हता. स्वतःशीच खेळत तो शिकला आणि ली सेडोल यांना हरवणाऱ्या आवृत्तीला त्याने १००-० असे नमवले. हे साधले, कारण तिथे जिंकले कोण हे खेळाचे नियमच सांगतात. गणिताची सिद्धता किंवा चाचणीत उतरणारा संगणकीय कोड यांचेही काही प्रमाणात तसेच आहे. चांगला सल्ला, न्याय्य निवड, सभ्य विनोद यांना असा पंच नाही, म्हणून तिथे माणसाच्या वागण्यालाच पंच मानावे लागते, त्यातल्या घाई, भीती आणि सवयींसकट.

अलीकडे एक नवी अडचण उभी राहिली आहे. प्रोग्रामर मंडळी स्टॅक ओव्हरफ्लोवर प्रश्न विचारत आणि अनुभवी माणसे उत्तरे देत. हा साठा मॉडेलांच्या फार उपयोगी पडला. आता तेच प्रश्न थेट मॉडेलला विचारले जातात आणि त्या संकेतस्थळावरच्या नव्या प्रश्नांची संख्या झपाट्याने घसरली आहे. म्हणजे ज्या वागण्यावर यंत्र पोसले गेले, ते वागणेच त्याच्यामुळे आटते आहे. उलट, यंत्राने लिहिलेला मजकूर इंटरनेटवर वाढतो आहे. मॉडेलांना पिढ्यानपिढ्या त्यांच्याच मजकुरावर शिकवत गेल्यास आधी दुर्मीळ गोष्टी पुसल्या जातात आणि पुढे मजकूरच बिघडतो, असे ‘नेचर’मध्ये २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दाखवले आहे.

आता आपला दुसरा प्रश्न. आपण एका संभाषणात रागावलात किंवा आभार मानलेत, तर त्याने मॉडेल तेथल्या तेथे बदलत नाही. प्रशिक्षण संपल्यावर त्याचे पॅरामीटर स्थिर असतात आणि आपल्या सुराशी त्याने घेतलेले जुळवून सहसा त्या संभाषणापुरतेच असते. मायक्रोसॉफ्टच्या ‘टे’ या बॉटला मार्च २०१६ मध्ये ट्विटरवर टवाळखोरांनी बिघडवले आणि एका दिवसाच्या आत तो बंद करावा लागला. तो वापरकर्त्यांचे बोलणे फारसे न गाळता उचलत असे. त्यानंतर कंपन्या सावध झाल्या. तथापि अनेक सेवा वापरकर्त्यांची संभाषणे आणि पसंतीच्या खुणा पुढच्या आवृत्तीच्या प्रशिक्षणासाठी वापरतात, आणि ते नको असल्यास बंद करण्याची सोय बहुधा सेटिंगमध्ये असते; ती एकदा पाहून ठेवावी. आणि नापसंतीचे बटण दाबताना कारण लिहिण्यासाठी चौकट दिली असेल, तर तिथे एक वाक्य जरूर लिहावे, कारण ‘उत्तर चुकीचे आहे’ आणि ‘उत्तर मला रुचले नाही’ या दोन अगदी वेगळ्या तक्रारी बटणापाशी एकाच खुणेने नोंदल्या जातात.